फासळीत मागितलेला चेंडू

हॅलमच्या बेसबॉल मैदानावर कधीही गेलात तरी ऑरिन टेटम बहुधा पिचरच्या उंचवट्यावर ओणवा झालेला दिसतो. माती थापतो, पाणी शिंपडतो, पुन्हा थापतो. गावात नव्याने आलेल्यांना वाटतं, मैदान राखणारा म्हातारा आहे, बायकोशी पटत नसेल म्हणून इथेच पडून असतो. जुन्यांना माहीत आहे की एके काळी याच उंचवट्यावरून त्याच्याइतका जोरात चेंडू फेकणारा माणूस नदीच्या दोन्ही काठांना नव्हता. मला मात्र याहून थोडं जास्त माहीत होतं, आणि ते चौतीस वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. तसा मी बोलघेवडा. लॉइड हूवेनच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी बायको सगळ्यांना सांगायची. ही एक गोष्ट तेवढी तोंडात भिजली, कुजली, पण बाहेर आली नाही.

ऑरिन आला अडुसष्टच्या एप्रिलात. आर्कान्सॉमधल्या भातशेतीतला मुलगा, एकवीस वर्षांचा, लांब हात, दोरीने बांधलेली पुठ्ठ्याची पेटी. आमचा संघ मोठ्या लीगच्या तीन पायऱ्या खालचा. इथे येणारा प्रत्येक जण वर जायच्या गोष्टी करायचा आणि बहुतेक जण तीन वर्षांत ट्रक चालवायला लागायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, संघाचा पहिला कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा, आणि त्याबद्दल भलताच फुगलेला.

"कॅचर तुम्हीच का?" त्याने विचारलं. माझ्या अंगावर छाती झाकणारं कवच, हातात जाळीचा मुखवटा.

"नाही, मी गावचा पाद्री. फेक आता."

त्याने फेकला. संध्याकाळी जेवताना माझा डावा हात काटा धरायला तयार नव्हता.

मिसेस थोरसन नावाच्या विधवा बाईंच्या घरात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो आठवड्याला वीस शब्द बोलायचा, उरलेले मी. शनिवारी तिकिटाच्या खिडकीवर नेडा नावाची मुलगी बसायची. ऑरिन तिच्याकडे बघून बुटाच्या टोकाने जमीन उकरत उभा राहायचा.

"अरे, विचार ना तिला. खाणार आहे का ती तुला?"

"तूच विचार. तुला बोलायला आवडतं."

मी विचारलं. पुढल्या वर्षी त्यांचं लग्न झालं, आणि नेडा पुढे कित्येक वर्षं टोमणा मारायची की मला मागणी घातली ती हूवेननेच, नवरा नंतर कळला.

हे सांगायचं कारण, त्याने स्वतःचं सगळं बोलणं माझ्यावर सोपवलं होतं. खेळातही तसंच. चेंडू पिचरचा असला तरी कोणता टाकायचा ते कॅचर ठरवतो. मी मांड्यांच्या आडून बोटं दाखवायची, एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा, आणि ग्लोव्ह जिथे धरेन तिथे चेंडू यायचा. दुसरे पिचर मान हलवून नकार देत, हुज्जत घालत. ऑरिनने एकदाही मान हलवली नाही. "तू मागतोस तिथे टाकतो. डोकं तू चालव," म्हणायचा. आणि टाकायचाही. पन्नास फुटांहून लांबून त्याने माझ्या ग्लोव्हचा खळगा चुकवला असं महिन्यातून एखाद्या वेळी होई.

माझा स्वतःचा हुन्नर होता तो तोंडाचा. बॅटर जमिनीत बसवलेल्या प्लेटपाशी उभा राहतो तो माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि त्याच्याशी गप्पा मारायला कुणाची मनाई नाही. कुणाला मी त्याच्या बायकोची ख्यालीखुशाली विचारायचो, कुणाला त्याच्या बुटांबद्दल. पण माझी खरी खोड वेगळी. मी बॅटरला पुढचा चेंडू कोणता ते सांगून टाकायचो. तेही खरं. तो अर्थातच विश्वास ठेवायचा नाही. दोनदा, तीनदा खरं निघालं की ठेवायला लागायचा. मग अडीनडीच्या वेळी मी एक थाप मारायचो आणि तो हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घ्यायचा. आमचा मॅनेजर मर्ल हॅस्किन म्हणायचा, या हूवेनला तोंड शिवून खेळवलं तर दहा सामने हरू.

एकोणसत्तरचा ऑगस्ट. ऑरिन वर जाणार हे नक्की झालं होतं. वरच्या संघाचा माणूस दोन सामने बघून गेला होता, सप्टेंबरच्या एक तारखेला बस धरायची होती. नेडाने त्याचे तीन सदरे इस्त्री करून ठेवले होते.

वेदरबीच्या संघाशी सामना होता. सहाव्या डावात त्यांच्या पिचरने आमच्या एका माणसाच्या पाठीत चेंडू घातला. हे मुद्दाम असतं तेव्हा सगळ्यांना कळतं. आणि त्याला उत्तर द्यायचं असतं, हेही सगळ्यांना कळतं. कुठेही लिहिलेलं नाही, पण माझ्या बापाच्या वेळेपासून चालत आलेलं. त्यांनी आपला एक मारला, आपण त्यांचा एक मारायचा. पाठीत, मांडीवर, फासळीत. डोक्यात नाही, हाही त्यातलाच नियम.

हॅस्किन बाकावर ऑरिनशेजारी येऊन बसला. "पुढच्या डावातला पहिला बॅटर. फासळीत. हूव खूण करेल."

"मर्ल, त्यांचा चुकून सुटला असेल."

"असेल. मग आपलाही चुकून सुटेल."

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. नाही म्हटलं असतं तर आमचेच लोक त्याच्याशी बोलले नसते, आणि वरच्या संघाला निरोप गेला असता की पोरगा मऊ आहे.

पहिला बॅटर होता गेलन प्रुइट. इंडियानाचा, वीस वर्षांचा, नाकावर तीळच तीळ. मी जेमतेम पाच वर्षांनी मोठा, तरी मला 'सर' म्हणायचा. त्या संध्याकाळी मी त्याला तीनदा पुढचा चेंडू खरा सांगितला होता. पहिल्यांदा म्हणाला, "कशाला थापा मारता, सर?" तिसऱ्यांदा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि चेंडू थेट मैदानाच्या टोकाच्या कुंपणावर हाणला. धावत दुसऱ्या तळावर, सेकंड बेसवर, पोचून माझ्याकडे बघत दात काढत होता. म्हणजे आता माझी थाप बाकी होती, आणि ती मी हसत हसत जपून ठेवली होती.

सातव्या डावात तो आला. त्यालाही माहीत होतं काय होणार आहे. नेहमीपेक्षा वीतभर मागे उभा राहिला, सगळा भार टाचांवर. अशा वेळी बॅटर तयार असतो. चेंडू अंगावर येतोय दिसलं की पाठ फिरवतो, मांसात घेतो, बॅट टाकतो आणि शिव्या देत फुकट मिळालेल्या पहिल्या तळाकडे चालू लागतो. वीस सेकंदांचं काम. कॅचरने करायचं ते एकच, अंगठा त्याच्याकडे उडवायचा आणि गप्प बसायचं.

मी अंगठा उडवला. ग्लोव्ह त्याच्या फासळीसमोर धरला. ऑरिनने मान हलवून होकार दिला, पण थोडा थांबला. आणि त्या थांबण्यात माझं तोंड सुटलं.

"वळणारा येतोय, पोरा. बाहेरच्या बाजूला."

का बोललो? चौतीस वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. दुष्टपणा नव्हता एवढं शपथेवर सांगतो. सवय होती, आणि थाप बाकी होती. त्या पोराने पाय पुढे टाकला, बाहेरचा चेंडू गाठायला कमरेत वाकला, प्लेटवर झुकला. फासळी असायला हवी होती तिथे त्याचा चेहरा आला. चेंडू मी मागितला होता तिथेच आला होता, बोटभरही इकडेतिकडे नाही.

आवाजाबद्दल मी काही लिहिणार नाही.

ऑरिन धावत आला तो टोपी टाकून. गुडघ्यावर बसला, पोराचं डोकं हातात घ्यायला गेला, संघाच्या डॉक्टरने त्याला ढकललं. मग तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. "वर गेला ना रे? हातातून सुटून वर गेला ना?"

तेव्हा 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"थोडासा," मी म्हणालो. "थोडासा वर गेला."

गेलन प्रुइटचा डावा डोळा गेला. तो घरी गेला आणि काकाच्या धान्याच्या गोदामावर कामाला लागला. ऑरिन सप्टेंबरात वर गेला नाही. वरच्यांनी निरोप पाठवला, हिवाळाभर विश्रांती घे, पुढच्या वर्षी बघू. नेडाने इस्त्रीचे सदरे परत फळीवर ठेवले.

विश्रांती कसली घेतो तो. नोव्हेंबरात एके सकाळी माझ्या दारात उभा राहिला. "हूव, मी विचार केलाय. हात डोक्यावरून येतो म्हणून चेंडू वर जातो. कडेने, कमरेच्या उंचीवरून फेकला तर डोक्यापर्यंत जाणारच नाही. मला हात बदलायचाय. पकडशील?"

बियाण्यांच्या कंपनीचं माळ्यावरचं गोदाम आम्हाला मिळालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज दोनशे चेंडू. बाहेर बर्फ, आत मक्याची धूळ, आणि मी समोर उकिडवा बसून त्या माणसाचा देवाने दिलेला हात रोज थोडा थोडा मोडताना बघत होतो.

"बरा येतोय का?"

"बरा येतोय."

बरा कुठला. निम्मा वेग गेला होता. जानेवारीत तो कोपर गरम पाण्याच्या बादलीत बुडवून बसायला लागला. नेडा मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "तुझं ऐकतो तो. सांग त्याला, पूर्वीसारखा फेक म्हणावं." मी मक्याचा पाव खात होतो. म्हणालो, "त्यालाच कळतं गं त्याच्या हाताचं." आणि पावाचा दुसरा तुकडा तोडला.

सत्तर साली बॅटरांनी त्याला धुतला. बॅटर प्लेटला चिकटून उभे राहायचे, कारण हा आतल्या बाजूला टाकणार नाही हे लीगभर माहीत झालं होतं. मी ग्लोव्ह आत धरायचो, चेंडू मधोमध यायचा. एक्काहत्तरच्या जूनमध्ये कोपरातलं काहीतरी तुटलं. कापलं, शिवलं, आणि संघाने त्याला सोडून दिलं. तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चोवीस वर्षं आणि दोन महिने वय, पिचर म्हणून कारकीर्द संपली.

आणि त्याच सप्टेंबरात मोठ्या लीगमधून बोलावणं आलं ते मला. त्यांचा कॅचर जखमी झाला होता. एकोणीस दिवस होतो मी तिथे. ऑरिन आणि नेडा अकरा तास बसने आले मला बघायला. चारदा बॅटिंगला आलो, चारही वेळा हात हलवत परत गेलो. तरी हा गडी उभा राहून टाळ्या वाजवत होता, डाव्या हाताने मांडीवर. "शेजारच्यांना सांगितलं मी," नंतर म्हणाला, "हा माझा कॅचर."

पुढे मी हॅलममध्ये रंगाचं दुकान टाकलं. तो मैदान राखायला लागला. दर नाताळला तो गेलन प्रुइटला कार्ड पाठवायचा, गेलनचं दोन ओळींचं उत्तर यायचं. संघाने तीनदा त्याला विचारलं, नव्या पिचरांना शिकव. त्याचं ठरलेलं उत्तर, "ज्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याला काय दाखवायचं?" त्यातल्या दोन वेळा मी तिथेच उभा होतो.

सांगणार सांगणार म्हणत राहिलो. कधी त्याची मुलगी आजारी, कधी माझी बायको गेली. ही सगळी निमित्तं. खरं एवढंच की दर रविवारी त्याच्या ओसरीवर माझी खुर्ची असायची, नेडा माझ्या ताटात न विचारता जास्तीचा घेवडा वाढायची, आणि ती खुर्ची मला सोडवत नव्हती. त्याच्या आयुष्यापेक्षा मला ती खुर्ची मोठी वाटली.

मग दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मैदानाला पन्नास वर्षं होणार म्हणून संघाने जुन्या खेळाडूंना बोलावलं. दोन्ही बाजूंच्या. गेलन प्रुइटने येतो म्हणून कळवलं. शनिवारचा कार्यक्रम होता.

गुरुवारी दुपारी मी मैदानाच्या अवजारांच्या खोलीत गेलो. नवे चेंडू गुळगुळीत असतात, बोटांतून निसटतात, म्हणून सामन्याआधी त्यांना नदीचा गाळ चोळतात. ऑरिन बादली घेऊन तेच करत बसला होता. मीही स्टुलावर बसून एक चेंडू उचलला.

"यायलाच हवं का रे मला शनिवारी?" तो म्हणाला. "मागच्या दाराने निघून जाईन म्हणतो. त्याच्या तोंडाकडे बघवणार नाही माझ्याने."

आणि मी सांगितलं. इतक्या वर्षांनी मन शुद्ध झालं म्हणून नाही, हे इथे लिहून ठेवतो. मला भीती होती की शनिवारी गेलन सांगेल. त्याने माझे शब्द ऐकले होते. त्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, एवढाच हिशेबीपणा. कबुलीसुद्धा घाबरटाचीच.

मी सांगत असताना तो गाळ चोळत होता. 'बाहेरच्या बाजूला' या शब्दांपाशी हात थांबले.

"ग्लोव्ह कुठे धरला होतास?"

"फासळीसमोर."

"दाखव."

मी स्टुलावरून उतरून उकिडवा बसलो. एकोणसाठ वर्षांचे गुडघे, कडकड वाजले. हात धरून दाखवला.

"आणि चेंडू?"

"इथेच आला. ग्लोव्ह हलवावा लागला नसता."

"वर नव्हता गेला."

"नाही."

तो माझ्या रिकाम्या हाताकडे बघत होता. मला वाटलं मारेल. मारावं असं मनापासून वाटत होतं.

"मग त्या हिवाळ्यात," तो सावकाश म्हणाला, "तू माझ्यासमोर बसून काय पकडत होतास?"

मी गुडघ्यांवर हात टेकून उठलो.

"रोज विचारायचो मी तुला. रोज. बरा येतोय का म्हणून."

"हो."

"चार महिने, हूव." त्याचा आवाज चढला नाही, नुसता फाटला. "अरे, माझा हात चांगला होता. चांगला होता रे माझा हात." आणि तो रडला. छप्पन्न वर्षांचा माणूस, कोपरापर्यंत गाळ, तोंड पुसायलाही हात मोकळा नाही. मी रुमाल पुढे केला. "नको," म्हणाला. "जा तू."

शुक्रवारी नेडाने फोन उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला.

शनिवारी गेलन प्रुइट आला. जाडजूड झालेला, काचेचा डोळा, हसरा. मैदानाच्या फाटकाशी लोकांनी त्याला घेरलं होतं, मी मागे उभा होतो. कुणीतरी त्या संध्याकाळचं विचारलं. "छे हो!" तो म्हणाला. "त्या दिवशी बसमध्ये सँडविच खाल्लं एवढं आठवतं. त्यानंतर एकदम इस्पितळ. मधलं सगळं पुसलं गेलंय."

म्हणजे त्याला काहीच आठवत नव्हतं. दोन दिवस गप्प बसलो असतो तर माझी खुर्ची शाबूत राहिली असती. हा विचार मनात आला, आणि आला म्हणून मला स्वतःची इतकी किळस आली की मी जाऊन रिकाम्या बाकांवर एकटाच बसलो.

मागच्या दाराने जायचं म्हणणारा ऑरिन मैदानाच्या मधून चालत आला. सरळ, मान वर करून. त्याला तसं चालताना मी एकोणसत्तरनंतर पाहिलं नव्हतं. गेलनसमोर उभा राहून त्याने टोपी काढली आणि बोलू लागला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण आठवड्याला वीस शब्द बोलणारा माणूस पाच मिनिटं बोलत होता, आणि त्यासाठी त्याला माझी गरज पडली नव्हती. एकदा त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. एकदा फासळीवर. गेलनचं हसू हळूहळू गेलं.

मग गेलन वळला. एका डोळ्याने तो बाकांच्या रांगांवरून कुणाला तरी शोधत होता. एव्हाना चारशे माणसं येऊन बसली होती, सगळ्यांच्या डोक्यावर संघाच्या एकसारख्या निळ्या टोप्या. ऑरिनने बोट दाखवलं नाही. तो खाली बघत उभा राहिला.

मी उठून उभा राहिलो, आणि त्याला ओळखता यावं म्हणून टोपी काढली.